काका-काकूंना नोटीस द्यायची कशी?

प्रिय ताई,

मी मूळची नांदेडची. नोकरीसाठी पुण्यात आले आणि कर्वेनगरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालक काका-काकू खाली राहतात. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार १ ऑक्टोबरपासून आहे. भाडं १५ हजार, डिपॉझिट ६० हजार. काकूंनी मला लेकीसारखं सांभाळलं. डिसेंबरात ताप आला तेव्हा आठवडाभर डबा वर पाठवला.

आता मला बंगळूरला चांगली नोकरी मिळाली आहे, १५ जूनला रुजू व्हायचंय. अक्षय तृतीयेला आमरस खायला खाली गेले तेव्हाच मी दोघांना सांगितलं होतं. काका ‘बरं बरं, बघू’ म्हणाले. परवा पुन्हा विषय काढला, तर म्हणाले, नोटीस लेखी लागते, ती तू दिलेलीच नाहीस. शिवाय नोटीस १ तारखेपासूनच धरतात, त्यामुळे जूनचं पूर्ण भाडं द्यावं लागेल आणि रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातील. मला फार लागलं ते. इतक्या जवळच्या माणसांना नोटीस कशी द्यायची? ऑफिसातली मैत्रीण म्हणते, शेवटचं भाडं देऊच नको, डिपॉझिटमधून वळतं करायला सांग. बाबा म्हणतात, वाद नको, मागतात ते देऊन मोकळी हो. मी काय करू?

— कर्वेनगरची भाडेकरू

प्रिय मुली,

तुझ्या तारखा अगदी जवळ आल्या होत्या, म्हणून नोटिशीचा मजकूर तुला पत्र मिळाल्या दिवशीच पाठवला. (तुझ्या पत्रातला मुख्य भागच वर छापला आहे.) बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण मे-जून आला की याच अर्थाची पत्रं पुण्या-मुंबईहून, नाशिकहून येऊ लागतात.

आधी तुला जे लागलं त्याविषयी. काकांनी लेखी नोटीस मागितली यात तुझा अपमान नाही, आणि तू ती दिलीस तर त्यांचाही होत नाही. तू सणाच्या दिवशी समोर बसून सांगितलंस, ते योग्यच केलंस. ज्यांच्या घरचं जेवलो त्यांच्या हातात एकदम कागद ठेवू नये. चूक एवढीच झाली, की त्या बोलण्यानंतर दोन-चार दिवसांत कागद द्यायचा राहिला. तोंडी सांगितलेलं काकूंच्या लक्षात राहील, पण कोणत्या तारखेला घर सोडणार, त्या तारखेपर्यंत भाडं कोण देणार आणि डिपॉझिट कधी परत मिळणार, हे आमरसाच्या वाटीवर ठरत नाही. ते ठरलं नाही, म्हणूनच काकांच्या मनात एक हिशेब तयार झाला आणि तुझ्या मनात दुसरा.

काकांच्या वयाची माणसं कागदाला इतकी का धरून असतात, तेही समजून घे. त्यांच्या पिढीने पेठांमधल्या वाड्यांचे हाल पाहिलेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि पाच-दहा रुपये भाड्यावर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मालकाला ना दुरुस्ती परवडे, ना जागा परत मिळे. मग लोक ‘भाडं’ न म्हणता ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी म्हणून, जागा देऊ लागले. पण १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती, त्यांच्या पोटात तेव्हा जो गोळा आला तो अजून पुरता गेलेला नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याकडून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) ताबा परत घेता येतो आणि तोवर दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. मालकांना थोडा धीर आला तो या तरतुदीमुळे. ‘मी अमुक तारखेला जागा रिकामी करून देते’ असं तुझ्या सहीने लिहिलेलं मिळालं की काकांची अर्धी धास्ती तिथेच उतरेल. तुझ्या जाण्यापेक्षा तू नक्की कधी जाणार हे कळत नाही, याचाच त्यांना त्रास होत असावा, असं मला पत्रावरून वाटतं.

आता करार. तू पाठवलेल्या कलमाच्या फोटोत तीन गोष्टी आहेत. पहिले सहा महिने लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात कोणीच करार मोडायचा नाही. तुझे सहा महिने ३१ मार्चला संपले, तो विषय मिटला. दुसरं, लॉक-इन संपल्यावर दोघांपैकी कोणीही ‘एक महिन्याची लेखी पूर्वसूचना’ देऊन करार संपवू शकतो. तिसरं, रिकाम्या जागेचा ताबा दिल्यावर डिपॉझिट बिनव्याजी परत करायचं. ‘१ तारखेपासून’ किंवा ‘पूर्ण कॅलेंडर महिना’ असे शब्द त्यात कुठेही नाहीत. काही करारांत ते असतात, म्हणून प्रत्येकाने आपला करार स्वतः वाचावा, शेजारच्या फ्लॅटचा नियम आपल्याला लावू नये. तुझ्या करारात ते नाहीत, तेव्हा नोटीस काकांच्या हाती पडेल त्या दिवसापासून महिना मोजायचा. १४ मे रोजी दिलीस, तर १४ जूनला महिना भरतो.

म्हणजे जूनचे १४ दिवस तुझ्याकडे लागतात. महिना १५ हजार म्हणजे दिवसाला ५००, चौदा दिवसांचे ७ हजार. तू १२ तारखेला सामान हलवलंस तरी १४ पर्यंतचं भाडं दे, दोन दिवसांवरून घासाघीस करू नको. उरलेले ८ हजार मात्र कराराप्रमाणे तुझे आहेत. अक्षय तृतीयेला तोंडी सांगितलं होतं, तेव्हापासून महिना धरा, असा हट्टही धरू नको. करारात ‘लेखी’ हा शब्द आहे आणि त्याचा आधार तुलाही पुढे लागणार आहे. त्या बोलण्याचा उल्लेख आठवण म्हणून नोटिशीत कर, इतकंच.

मजकूर असा:

‘ती. काका व काकू यांस, सा. न. वि. वि. आपल्या बंगल्यातील वरच्या मजल्याच्या जागेसाठी आपल्यात १ ऑक्टोबरपासून नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आहे. बंगळूर येथे नोकरी मिळाल्याने मी ही जागा सोडत आहे. याची कल्पना मी आपल्याला अक्षय तृतीयेला दिली होती. करारानुसार या पत्राने एक महिन्याची लेखी पूर्वसूचना देत आहे. नोटिशीची मुदत १४ जून रोजी पूर्ण होईल. १४ जूनपर्यंतचे भाडे मी भरीन. १२ जून रोजी दुपारी चार वाजता रिकाम्या जागेचा ताबा व सर्व किल्ल्या आपल्याकडे देईन. त्या वेळी ६०,००० रुपये डिपॉझिट परत मिळावे ही विनंती. वीजबिलाचा हिशेब त्या दिवशीच्या मीटर रीडिंगवरून करू.’

खाली तुझं नाव, सही, तारीख. वर दोघांची पूर्ण नावं, करारात आहेत तशी. मालक म्हणून काकूंचंही नाव करारात असेल, तर पत्र दोघांच्या नावे हवं, हे पुष्कळजण विसरतात. ‘ती.’ आणि ‘सा. न. वि. वि.’ ठेवायला कायद्याची काही हरकत नाही. नोटीस म्हणजे वकिली भाषाच हवी असं कुणी सांगितलं? तारीख, कराराचा उल्लेख आणि ताबा देण्याचा दिवस एवढं स्पष्ट असलं की पुरे.

दोन प्रती काढ आणि संध्याकाळी चहाच्या वेळी खाली जा. आधी बोल: ‘काका, तुम्ही म्हणालात तसं लेखी आणलंय, जरा वाचून बघा.’ मग दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असं लिहून त्यांची सही आणि तारीख घे. सही करायला ते कांकू करू लागले तर आग्रह धरू नको. तोच कागद दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टाने पाठव, पोच मागून घे आणि पावती जपून ठेव. त्याच संध्याकाळी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठव. फक्त व्हॉट्सॲपवर भागवू नको. निळ्या खुणा पुरावा म्हणून कामी येतात, पण करारात लेखी नोटीस म्हटलेली असताना ‘तो मेसेज मी पाहिलाच नाही’ या वादाला जागा कशाला ठेवायची?

तुझ्या मैत्रिणीचा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. डिपॉझिट अडकण्याची भीती खरी आहे, हे मान्य. पण भाडं थांबवलंस की करार मोडणारी तू ठरतेस आणि तोवर भक्कम असलेली तुझी बाजू तूच पोकळ करतेस. मग रंग, नळ, वीजबिल, सगळंच काका तुझ्या अंगावर टाकतील आणि तुला तोंड वर करून बोलता येणार नाही. काका स्वतःहून ‘राहू दे, डिपॉझिटमधून धरू’ म्हणाले, तर खुशाल तसं कर, पण ते म्हणाले त्याच दिवशी मेसेजवर त्यांच्याकडून ‘हो’ घे.

रंगकामाचं जरा बारकाईने पाहायला हवं, कारण सगळ्यात जास्त कटुता इथेच येते. आठ-नऊ महिन्यांच्या वापराने भिंत थोडी मळते, स्वयंपाकाच्या ओट्यामागे तेलाचा थर बसतो, खिडकीजवळचा रंग उन्हाने उडतो. ही रोजच्या वापराची झीज, आणि तुझ्या करारात ती स्पष्टपणे वगळलेली आहे. पण तू लिहिलं आहेस, की बेडरूमच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने फोटो लावले होते आणि काढताना रंगाचे पोपडे निघाले. ते तुझं. त्या एका भिंतीचा खर्च तू आपणहून कबूल कर. ताबा देण्याच्या आठ-दहा दिवस आधी काका-काकूंना वर बोलाव आणि दिवसाउजेडी सगळ्या खोल्या फिरा. करारासोबत सामानाची यादी आहे, ती हातात घे: पंखे तीन, ट्यूब पाच, गिझर, कपाटाच्या दोन किल्ल्या. एकेक वस्तू चालू करून दाखव. गिझरची सूचना देणारी लाल बत्ती लागत नाही म्हणतेस, ती पहिल्या आठवड्यापासूनच बंद होती ना? तेव्हा काकांना पाठवलेला फोटो मोबाइलमध्ये शोधून ठेव. मग म्हण, ‘या भिंतीचं मी बघते, रंगारी तुमचाच बोलवा, बिल मला द्या.’ स्वतः राहत असताना एक भिंत रंगवून घेतली तर ते डिपॉझिट परत देताना आकडा फुगवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. संपूर्ण मजल्याला रंग काढायचा असेल, तर तो पुढच्या भाडेकरूसाठी आहे. तो खर्च तुझ्या डिपॉझिटमधून कापायचा नाही, आणि हे तू नम्रपणे पण स्पष्ट सांगायचं.

नोटिशीच्या महिन्यात काका नवे भाडेकरू दाखवायला आणतील. जूनमध्ये कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात, कर्वेनगरसारख्या भागात जागा फार दिवस रिकामी राहत नाही. त्यांना सोयीची वेळ ठरवून दे, शनिवार-रविवारी सकाळी वगैरे, आणि त्या वेळी घर आवरलेलं ठेव. नवा भाडेकरू १५ जूनपासून ठरला तर काकांचा ‘पूर्ण जून’चा आग्रह आपोआप गळून पडेल. तुझ्या आठ हजारांसाठी हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, कायद्यापेक्षाही सोपा.

शेवटच्या दिवशीची घाई टाळ. टेम्पो दारात उभा, पॅकर्सवाला ओरडतोय आणि हिशेब चाललाय, असं होऊ देऊ नको. सामान सकाळी जाऊ दे आणि दुपारी रिकाम्या घरात दोघींनी, म्हणजे तू आणि काकूंनी, काकांसोबत बसा. महावितरणच्या मीटरचा फोटो काढ. मागच्या बिलाच्या दराने जेवढे युनिट होतील तेवढे पैसे तिथेच दे, पुढच्या बिलात फरक निघाला तर नंतर पाठव. डिपॉझिट खात्यावर येऊ दे; चेक दिला तर त्याचा नंबर लिहून घे. मग एका साध्या कागदावर ताबा पावती कर: आज या तारखेला रिकाम्या जागेचा ताबा आणि इतक्या किल्ल्या मिळाल्या, डिपॉझिट परत दिलं, आता कोणाचं कोणाकडे काही येणं नाही. दोघांच्या सह्या. तुझा नोंदणीकृत करार ३१ ऑगस्टपर्यंतचा आहे, म्हणजे सरकारी कागदावर तोवर त्या जागेत तूच आहेस. तू १२ जूनलाच बाहेर पडलीस याचा पुरावा म्हणजे ही पावती, म्हणून ती वर्षानुवर्षं जप.

समजा त्या दिवशी पैसे आले नाहीत. किल्ली अडवून धरू नको. ताबा तुझ्याकडे राहिला तर भाड्याचा मीटर चालू राहतो आणि तुला तर बंगळूरला पोचायचंय. किल्ल्या दे, पण पावतीत ‘डिपॉझिट ६०,००० रुपये येणे बाकी’ असं लिहून घे. ‘सर्व हिशेब पूर्ण’ अशा वाक्याखाली पैसे हातात पडल्याशिवाय सही करायची नाही, कितीही गोड बोलले तरी. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी मागणी कर. तरीही हललं नाही, तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. दावा दाखल करण्याआधीच तिथे अर्ज करून समोरच्याला समेटासाठी बोलावता येतं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं, ही तरतूद विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे आणि दुर्दैवाने फार कमी मुलींना माहीत असते. तुझ्या बाबतीत तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही. पण तो दरवाजा आहे, हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही.

बाबांचं म्हणणं मी समजू शकते. मुलगी एकटी, परकं शहर, भांडण नको. त्यांना एवढंच सांग, की तू भांडत नाहीयेस, करारात जे लिहिलंय तेवढंच करते आहेस, सात हजार देते आहेस आणि एक भिंतही रंगवून देते आहेस. नाहक आठ हजार देऊन मनात अढी घेऊन निघालीस, तर काकूंना परत फोन करावासा वाटणार नाही. मला त्याचं जास्त वाईट वाटेल.

इतर वाचकांसाठी थोडं. ‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असं एजंट अजूनही सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. तेव्हा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर भागवणाऱ्या मालकांनी आपलंच नुकसान ओळखावं. दोघा-तिघांनी विचारलं आहे, की डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही ना? ती तरतूद केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातली आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे, राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय त्यावर बोट ठेवून पैसे मागता येत नाहीत. आणि मालकांनो, महिन्याची लेखी नोटीस तुम्हालाही तितकीच लागू आहे. ‘उद्या खोली खाली कर’ म्हणणं, पाणी तोडणं किंवा मुलगी ऑफिसला गेली असताना कुलूप बदलणं, यातलं काहीही करायचा अधिकार तुम्हाला करार देत नाही.

आता तुझं बंगळूर. तिथे डिपॉझिट म्हणून अनेक महिन्यांचं भाडं मागायची पद्धत आहे, आणि घर सोडताना एक महिन्याचं भाडं ‘पेंटिंग’ म्हणून सरसकट कापून घेतात. बहुतेक वेळा ते करारातच लिहिलेलं असतं आणि घर मिळाल्याच्या आनंदात कोणी वाचत नाही. सही करण्याआधी ते कलम शोध, काढून टाकता येतं का विचार, आणि नाहीच म्हणाले तर पहिल्याच दिवशी रिकाम्या घराचा, भिंती नीट दिसतील असा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेव.

तुझी,
ताई